मामा, तू क्यूसी करतोस

पत्र:

ताई, माझं वय ४४. भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात क्यूसीत, म्हणजे क्वालिटी कंट्रोल विभागात नोकरी करतो. दूरदर्शनवरच्या 'मोगली'पासून आजपर्यंत ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) बघतोय, म्हणजे तीस वर्षं झाली. माझा भाचा बारावीला आहे, कॉलेजसाठी गेल्या वर्षापासून आमच्याकडेच राहतो. त्याला हे वेड लावलं मीच.

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री त्याचे तीन मित्र आले होते. त्यांनी 'फ्रीरेन' ही मालिका लावली. पहिल्या भागात हिमेलच्या अंत्यविधीचा प्रसंग आला तेव्हा मी रिमोट घेऊन थांबवलं आणि मुलांना दाखवलं, की बघा, मागची गर्दी म्हणजे नुसतं चित्र आहे, एक माणूस हलत नाहीये, सरळ पैसे वाचवलेत. नव्वदच्या दशकातल्या 'इव्हँजेलियन'च्या काळात असं नव्हतं, हेही सांगितलं. पोरं गप्प बसली. ती गेल्यावर भाचा म्हणाला, "तू बघत नाहीस रे मामा, तू क्यूसी करतोस." तेव्हापासून दार लावून, हेडफोन घालून एकटा बघतो. जेवताना बोलतो, पण या विषयावर एक अक्षर नाही.

माझी मतं चुकीची आहेत का? आजच्या मालिका बारा भागांत गुंडाळलेल्या. दर दुसऱ्या मालिकेत नायक मरतो आणि दुसऱ्या जगात जन्माला येतो. पोरं दीडपट वेगाने बघतात, सुरुवातीचं गाणं गाळतात, जपानी सोडून हिंदी डब बघतात आणि वर दहापैकी दहा गुण देऊन मोकळी होतात. सत्तरच्या दशकातल्या यामातो, गंडम या मालिका त्यांना माहीतही नाहीत. मी भाच्याला ४० मालिकांची यादी करून दिली होती, ती त्याने उघडूनही बघितली नाही. त्याला चांगलं-वाईट कसं शिकवू? आणि ॲनिमॅक्स वाहिनीवरून रेकॉर्ड केलेल्या माझ्याकडे दोनशेच्या वर सीडी आहेत. बायको म्हणते भंगारात द्या. देऊ का?

— एक जुना प्रेक्षक, चिंचवड

उत्तर:

नमस्कार. सीडी देऊ नका, एवढं आधी सांगून ठेवते. का, ते नंतर.

तुमचं पत्र वाचताना मला माझी पुतणी आठवली. दहावीत होती, मोठ्या हौसेने मला तिची आवडती मालिका दाखवायला बसली आणि मी दहाव्या मिनिटाला म्हटलं, "हे आम्ही वीस वर्षांपूर्वीच बघितलंय गं." ती म्हणाली, "बरं, आत्या." मराठी घरातलं हे 'बरं' किती जड असतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर दोन वर्षं तिने मला काहीही दाखवलं नाही. तेव्हा मी जे लिहितेय ते उंचावर बसून नाही.

मतांकडे येते, पण आधी तो शनिवार. मालिकेची नायिका फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली. हिमेलबरोबर दहा वर्षं भटकली, मग निघून गेली, पन्नास वर्षांनी परत आली तर तो म्हातारा झालेला. तो जातो. लोक कुजबुजतात, की सोबतीण म्हणवते आणि चेहऱ्यावर दुःख कसं ते नाही. आणि मग ती रडते. माणसं फार जगत नाहीत हे ठाऊक असून मी याला ओळखून का घेतलं नाही, म्हणून. चार सतरा वर्षांची पोरं शेजारी शेजारी बसून हे बघताहेत. या वयात मित्रांसमोर डोळे भरून येणं म्हणजे किती अवघड काम. अंधार आणि चालू पडदा यांच्या आडोशानेच ते खपतं. त्या क्षणी तुम्ही चित्र थांबवलंत. म्हणजे खोलीतला दिवाच लावलात म्हणा ना. तुमच्या मताबद्दल ते पोर रागावलेलं नाही. मत तुम्ही चहा पिताना सांगितलं असतंत तर त्याने कदाचित वाद घातला असता, आणि मजेत घातला असता.

आता ते मत. मागची माणसं हलत नाहीत हे तुम्ही बरोबर टिपलंत, नजर कामातली आहे. निष्कर्ष मात्र चुकला, आणि चुकला तो तुमच्याच आवडत्या काळाच्या हिशेबाने.

टीव्हीवरचं ॲनिमे जन्मालाच आलं ते काटकसरीतून. १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर 'टेत्सुवान आतोमु' सुरू झालं, ज्याला बाकीचं जग 'ॲस्ट्रो बॉय' म्हणतं. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा. माणसं मोजकी, पैसे त्याहून मोजके. सेकंदाला चोवीस चौकटी पडद्यावरून जातात. ती बनवणाऱ्या ओसामु तेझुकांच्या स्टुडिओने एकेक चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं लागली. बोलताना ओठ तेवढे हलवायचे, चेहरा तसाच. उडण्याची, धावण्याची चित्रं जपून ठेवायची आणि पुढच्या भागात पुन्हा काढायची. याला तिकडे 'बँक' म्हणतात. 'सेलर मून'मध्ये दर भागात ती पोरगी तशीच्या तशी गिरकी घेऊन रूप बदलते ना, ती या बँकेतली ठेव. पुढे दिग्दर्शक ओसामु देझाकींनी 'अशिता नो जो'सारख्या मालिकेत थांबलेल्या चित्राचंच सोनं केलं. ऐन भरात हालचाल थांबते आणि समोर रंगवलेलं एखादं चित्र उरतं. परवडत नव्हतं म्हणून सुरू झालेली गोष्ट, पाहता पाहता शैली झाली. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा झाला तसंच.

आणि 'इव्हँजेलियन'? बाविसावा भाग आठवा. असुका आणि रेई या दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. जवळजवळ मिनिटभर कुणी बोलत नाही, चित्र जागचं हलत नाही, लिफ्टची घरघर तेवढी चालू. चोविसाव्या भागात बेथोव्हेनची नववी सिम्फनी वाजतेय आणि पडद्यावर एकच चित्र, पुन्हा मिनिटभर. मालिकेचं वेळापत्रक शेवटाकडे पार कोलमडलं होतं हे जगजाहीर आहे. तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर बसून 'वाचवले बघा पैसे' म्हणालात? मी तर श्वास रोखून बसले होते. वाचवणं सगळीकडेच असतं हो. तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर टॉलरन्स कुठे सैल सोडला आणि कुठे घट्ट धरला, एवढंच बघायचं. अंत्यविधीला उभी असलेली माणसं तशीही हलत नाहीत. फ्रीरेनचा चेहरा हलतो. खर्च तिथे केलाय, आणि योग्य जागी केलाय.

डबवरून पोरांना बोलता, तर मला हसू आलं. तुमचं-माझं ॲनिमे सुरू कुठे झालं? 'मोगली'. निप्पॉन ॲनिमेशनने बनवलेली ५२ भागांची मालिका, जपानमध्ये १९८९-९० मध्ये टीव्ही टोकियोवर दाखवलेली. आपल्याकडे ती १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर आली, रविवारी सकाळी, हिंदीत. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, खास हिंदीसाठी केलेलं. मूळ जपानीत ते नाहीच. शेरखानच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांना ही मालिका जपानी आहे हे माहीतच नव्हतं. नाना गुरगुरतोय म्हटल्यावर ती आपलीच. त्या डबने तुम्हाला या रस्त्यावर आणलं. तुमचा भाचा 'डोरेमॉन' बघत मोठा झालेल्या पिढीतला. त्या पिढीला शाळेआधी हिंदी आलं ते त्या निळ्या मांजरामुळे, आणि आयांना मुलांवर ओरडायला 'नोबिता' हा नवा शब्द मिळाला.

खुद्द जपानी लोक तरी कुठे सोवळं पाळतात? 'क्योजिन नो होशी' ही १९६८ ची बेसबॉलवरची गाजलेली मालिका. २०१२ मध्ये तिची भारतीय आवृत्ती केली, 'सूरज: द रायझिंग स्टार', कलर्स वाहिनीवर. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबई, वस्तीत वाढलेला पोरगा. मूळ मालिकेत बाप मुलाच्या अंगाला स्प्रिंगांचा पट्टा बांधून सराव करून घेतो. ते आपल्याकडे छळ वाटेल म्हणून इथे सायकलच्या ट्यूब आल्या. बाप जेवणाचं टेबल उधळतो तो तिकडचा प्रसिद्ध प्रसंग, तोही अन्नाचा अपमान नको म्हणून बदलला. कुणीतरी त्यांना 'अन्न हे पूर्णब्रह्म' समजावून सांगितलं असणार. मालिका फार चालली नाही, ते सोडा. पण हे करायला त्यांना लाज वाटली नाही, मग आपण कशाला राखण करत बसायचं?

यामातो आणि गंडमचं. 'उचू सेंकान यामातो' १९७४ मध्ये आली तेव्हा रविवारी त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर 'हायडी' चालू होती. लोकांनी हायडीच बघितली. यामातो २६ भागांत गुंडाळावी लागली. गंडम १९७९ ची, ५२ भागांची ठरली होती. प्रायोजकाची खेळणी खपेनात म्हणून ४३ वर आवरती घेतली. तुमची दोन्ही दैवतं बाजाराने मारलेली आणि शाळा-कॉलेजातल्या पोरांनी जिवंत केलेली. यामातोचे तुकडे जोडून १९७७ मध्ये सिनेमा निघाला तो त्यांच्या जोरावर, आणि गंडमला हात दिला १९८० पासून विकल्या गेलेल्या प्लास्टिकच्या जोडायच्या मॉडेलनी. ती पोरं तेव्हा दहापैकी बारा गुण देत असतील. त्यांच्या मामांना ते बघवत नसेल.

चाहत्यांनी चाहत्यांना नावं ठेवणं हेही जुनंच आहे. ॲनिमेवेड्यांना तिकडे 'ओताकू' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'आपलं घर', आणि त्यावरून आदराने 'आपण'. हे चाहते एकमेकांना शाळेच्या वयात 'आपण' म्हणायचे. लेखक अकिओ नाकामोरी यांनी १९८३ मध्ये एका मासिकात त्यावरून त्यांची टर उडवली आणि तोच शब्द चिकटला. टर उडवणारा बाहेरचा कुणी नव्हता, त्याच गल्लीतला होता. आपली पिढी फार सोशिक होती असंही वाटून घेऊ नका. २००९ च्या 'सुझुमिया हारुही'मध्ये आठ आठवडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली होती, आठवतं? दर वेळी कपडे वेगळे, कॅमेऱ्याचा कोन वेगळा, सगळं नव्याने चितारलेलं, आणि गोष्ट तीच, अडकलेल्या उन्हाळी सुट्टीची. चौथ्या आठवड्याला मीच चप्पल शोधत होते.

आता जिथे तुमचं खरं आहे तिथे तुमच्या बाजूने उभी राहते. दीडपट वेग मला अजिबात पटत नाही. जपानीत 'मा' म्हणून एक शब्द आहे, दोन गोष्टींमधली मोकळी जागा. लिफ्टमधला तो मिनिट म्हणजे ती. दीडपट वेगाने तो बघणं म्हणजे विलंबित ख्याल घाईने उरकून 'ऐकला' म्हणणं. दुसऱ्या जगात जन्म घेणाऱ्या नायकांबद्दल तर बोलूच नका. पहिल्या भागात नायकाला उडवणारा ट्रक दिसला की मी चहा टाकायला उठते.

बारा भागांचं मात्र अर्धंच खरं. तिकडे टीव्हीचं वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असं चार तुकड्यांत पडतं. एका तुकड्याला 'कूर' म्हणतात आणि त्यात बारा-तेरा भाग बसतात. ही बारा भागांची पद्धत रुळण्याआधी मालिका वर्षभर चालायच्या, पण त्या चालण्यात भरणा किती होता! 'ड्रॅगन बॉल झी'मध्ये नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं दहाएक भाग चालतात. पहिल्या 'नारुतो'च्या २२० भागांपैकी शेवटचे ऐंशीच्या आसपास भाग मूळ मांगात, म्हणजे ज्यावरून मालिका बेतली त्या जपानी कॉमिकमध्ये, नाहीतच, मांगाने पुढे जावं म्हणून वेळ काढलेला. आज आठवणीत त्याला तुम्ही ऐसपैसपणा म्हणताय. तरी एक गोष्ट मला सलते: ज्यात काहीच घडत नाही, सगळे नुसते बसून भात खातात, पाऊस पडतो, असे भाग बारामध्ये बसत नाहीत. ते गेले. याबद्दल तुम्ही हळहळलात तर मी शेजारी बसून हळहळेन.

हे भाच्याला कसं सांगायचं? मला वाटतं, सध्या सांगायचंच नाही. आधी माफी. ती मित्रांसमोर झालेल्या गोष्टीची आहे, तेव्हा पुढच्या वेळी पोरं घरी आली की त्यांच्यासमोरच, एका वाक्यात, 'पण' न जोडता. "त्या दिवशी मधेच थांबवलं ते चुकलं माझं." लगेच वडापाव मागवा म्हणजे कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही. मग एखाद्या दिवशी त्याला विचारा, हल्ली काय बघतोयस, मी बसू का. नाही म्हणाला तर नाही. हो म्हणाला तर रिमोट त्याच्या हातात, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत तुमच्या तोंडात सुपारी. दीडपटीने लावलं तरी. नंतर बोलायचंच असेल तर ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही असं काहीतरी विचारा. ती पोरगी शेवटी असं का वागली रे, एवढंसुद्धा चालेल. 'हे कुणी दिग्दर्शित केलंय सांग बघू' हा प्रश्न नव्हे, ती तोंडी परीक्षा.

चाळीसची यादी फाडा. चाळीस म्हणजे अभ्यासक्रम झाला, आणि बारावीच्या मुलाकडे आधीच एक आहे. त्यातली एकच ठेवा. मला विचाराल तर 'मुशिशी', २००५ ची. गंडम नको, सुरुवातीलाच दमेल. 'मुशिशी'चा प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, गिन्को नावाचा माणूस गावोगाव फिरतो, डोळ्यांना न दिसणारे जीव माणसांना काय करतात ते बघतो आणि पुढे जातो. ज्या मुलाला फ्रीरेनचं रडणं कळलं त्याला हे भिडेल असा माझा अंदाज. एक भाग बघून सोडून दिली तर सोडून देऊ दे, आठवण करू नका.

चांगलं-वाईट शिकवायचं म्हणता, तर "तू क्यूसी करतोस" हे वाक्य पुन्हा वाचा. तुमच्या कामाच्या जागेवरचा नेमका शब्द उचलून, जिथे बसायला हवा तिथे बसवला पोराने. असं बोलायला तो कुणाच्या घरात शिकला असेल?

आता सीडी. ॲनिमॅक्स आपल्याकडे २००४ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये गेलं. ज्या मालिका तुम्ही तेव्हा रेकॉर्ड केल्यात त्यातल्या बऱ्याच आज स्वच्छ, सुंदर चित्रात कुठेही मिळतील, त्यासाठी सीडी ठेवायची गरज नाही. पण टीव्हीवरून थेट उतरवलेल्या आहेत म्हणजे मधल्या जाहिराती त्यात असणार. घरी भरलेल्या सीडी वीस वर्षांनी दगा देतात, तेव्हा येत्या सुट्टीत एकेक लावून बघा, चालतील त्या हार्ड डिस्कवर घ्या. कॉपी करायला भाच्याला बसवा. तुमच्या लॅपटॉपला सीडी घालायची खाच नसेलच, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह तोच मागवेल. भागाच्या मध्यावर दोन-चार सेकंद एक चित्र येतं, मालिकेचं नाव आणि छोटीशी धून, त्याला 'आयकॅच' म्हणतात. हल्ली जाहिरातींशिवाय बघणाऱ्या पोरांना ते चित्र मधेच का येतं हे कळत नाही. तुमच्या सीडीत त्या चित्रानंतर २००६ सालच्या कुठल्यातरी मोबाइलची नाहीतर बिस्किटाची जाहिरात सुरू होईल, आणि तो विचारेल, "मामा, हे काय आहे?" तेव्हा हवं तेवढं बोला. जाहिराती तेवढ्या कापू नका.